टिंगूची पिवळी हिरवळ

एक होता नाकतोडा. एवढासा. हिरवागार. त्याचं नाव टिंगू.

बालवाडीपुढे होती हिरवळ. टिंगू तिच्यात राहायचा. गवत हिरवं, टिंगू हिरवा. कोणाला दिसायचाच नाही.

मग आला उन्हाळा. ऊन कडक कडक. हिरवळ झाली पिवळी पिवळी. टिंगू मात्र हिरवाच. साळुंकीला तो लगेच दिसला. तिनं चोच मारली, टच्च! टिंगू कसाबसा सुटला.

"हिरवळबाई, हिरवळबाई, वाढ ना. मी लपू कुठे?"

"नळी वाहील, तर मी वाढेन."

टुण टुण टुण. टिंगू गेला नळीकडे.

"नळीताई, नळीताई, वाहा ना. हिरवळ वाढेना, मी लपू कुठे?"

"नळ सुटेल, तर मी वाहीन."

टुण टुण टुण. टिंगू गेला नळाकडे.

"नळदादा, नळदादा, सूट ना. नळी वाहेना, हिरवळ वाढेना, मी लपू कुठे?"

"मावशी येईल, तर मी सुटेन."

शेवंतामावशी म्हणजे बालवाडीची माळीण. ती सावलीत पायरीवर बसली होती.

टुण टुण टुण.

"मावशी, मावशी, ये ना. नळ सुटेना, नळी वाहेना, हिरवळ वाढेना, मी लपू कुठे?"

"आले असते रे बाळा. पण फरशी तापलीय, पाय भाजतात. आणि हा भुऱ्या कुत्रा माझ्या चपलांवर निजलाय. भुऱ्या उठेल, तर मी येईन."

टुण टुण टुण.

"भुऱ्या, भुऱ्या, ऊठ ना. मावशी येईना, नळ सुटेना, नळी वाहेना, हिरवळ वाढेना, मी लपू कुठे?"

भुऱ्यानं डोळासुद्धा उघडला नाही. "कोणी उठवेल, तर मी उठेन."

आता कोणाकडे जायचं? कोणीच उरलं नव्हतं. भुऱ्या केवढा मोठा. त्याचे दात केवढे मोठे. तरी टिंगूनं उडी घेतली. टुण! थेट भुऱ्याच्या नाकावर. गुदुगुदु, गुदुगुदु.

आ... आ... आक्छीं!

भुऱ्या उठला. मावशी आली, फटक फटक. नळ सुटला, चर्रर्र. नळी वाहिली, झुळूझुळू. हिरवळ भिजली, गारेगार. टिंगूही भिजला.

"हुश्श," म्हणाला टिंगू.

मावशी रोज आली. ऊन उतरलं की पाणी, ऊन उतरलं की पाणी. ती म्हणाली, "आता कापायचं नाही हं. उन्हाळाभर गवत उंचच राहू दे."

गवत पुन्हा हिरवंगार झालं, वाढलं. बोटभर झालं. मग वीतभर झालं. टिंगू आत शिरला. एक कोवळं पातं खाल्लं, कुर्रम कुर्रम. आणि गाढ झोपला.

आता गवत कुठलं आणि टिंगू कुठला, सांगा बघू?