बोथट सुई

एकदा अण्णा नावाच्या एका वृद्ध दंतवैद्यांनी नवी कोरी, टोकदार सुई हाती घेतली आणि आईच्या देवघरातल्या सहाणेवर तिचे टोक घासायला सुरुवात केली. दातातली कीड चाचपण्याची ती सुई. सारे जग हत्याराला धार लावते. हे गृहस्थ असलेली धार घालवत बसले होते, आणि तेही एखाद्या पूजेच्या तन्मयतेने.

त्यांची शिष्या मृदुला दारात उभी राहून हे पाहत होती. शहरात दंतवैद्यक शिकून ती नुकतीच आपल्या बाजारगावी परतली होती आणि अण्णांच्या हाताखाली काम करू लागली होती. लवंगेच्या तेलाचा वास, चूळ भरायच्या गुलाबी पाण्याचा काचेचा पेला, अंगणातला चाफा, सगळे तिच्या लहानपणी होते तसेच होते. तेव्हा ती शाळेत मास्तर असलेल्या वडिलांच्या सायकलच्या दांडीवर बसून इथे यायची. अण्णा तिच्या दातांना काहीतरी चिकट लावायचे, वडिलांशी चार गप्पा मारायचे, आणि परतताना कोपऱ्यावरच्या गाड्यावर वडील तिला भडंग घेऊन द्यायचे. ही सारी खटपट भडंगासाठीच असते, अशी तिची पक्की समजूत होती. वडील आता नव्हते. गाडा मात्र अजून होता.

पण आठवणी वेगळ्या आणि विद्या वेगळी. सहाणेवरची सुई पाहून, अण्णांचे आता वय झाले, असे तिला वाटून गेले.

तेवढ्यात पेठेतले गुळाचे एक व्यापारी आपल्या लेकीला, अक्षताला, घेऊन आले. शाळा सुटली की ही पोर दुकानात बसून गुळाचे खडे चघळत असे. तिच्या पुढच्या दातावर, हिरडीलगत, खडूसारखा पांढरा डाग उमटला होता. मृदुलाने आपली टोकदार सुई उचलली. डागात ती रुतते का, हे पाहायचे होते. सुई दाताला लागणार तोच अण्णांनी तिचे मनगट धरले.

"थांब. अजून भोक पडलेलं नाही. टोचलंस तर पडेल."

मग त्यांनी दात स्वच्छ केला, कोरडा केला आणि त्यावर फ्लोराइडचा चिकट लेप लावला. अक्षताला म्हणाले, "गूळ जेवणाबरोबर खायचा, दिवसभर चघळायचा नाही. दोन्ही वेळा नीट ब्रश करायचा. आणि मी बोलावीन तेव्हा यायचं."

व्यापारी वैतागले. "नुसता रंग लावून पाठवताय होय, अण्णा? कोरून भरून टाका की एकदाचं! दुकान सोडून हेलपाटे घालायला मला कुठला आलाय वेळ? तालुक्याला नवा दवाखाना झालाय. तिथं एका खेपेत मोकळं करत्यात म्हणं." त्यांनी लेकीचा हात धरून तिला खुर्चीवरून उठवलेदेखील. एकदा कोरलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही, हे त्या पोरीला काय ठाऊक? आणि खरे सांगायचे तर, मृदुलालाही मनातून व्यापाऱ्यांचेच पटत होते.

अण्णा रागावले नाहीत. मृदुलाला म्हणाले, "बस खुर्चीत."

"मी?"

"तूच. आ कर."

त्यांनी तिची एक वरची दाढ हवेने कोरडी केली आणि तिच्या हाती आरसा दिला. दाढेच्या कडेला कवडीसारखा चकाकणारा एक फिकट ठिपका होता. तिने तो पूर्वी पाहिला होता, पण जन्मखूण समजून सोडून दिला होता. आपल्या दातांना कीड कधी शिवलीच नाही, असे ती कॉलेजात ऐटीत सांगत असे.

"तुझ्या लहानपणी हा डागही अक्षताच्या डागासारखाच होता," अण्णा म्हणाले. "कीड आधी दात आतून भुसभुशीत करते. वर सायीसारखा पापुद्रा तेवढा शाबूत असतो. तो आहे तोवर लाळेतले क्षार आत मुरतात आणि दात सावरतो. टोकदार सुईने ती साय फाटते. मग कोरावं लागतं. भरलेलं कधीतरी निघतं, पुन्हा आणखी कोरावं लागतं. म्हणून मी टोक घासतो. बोथट सुईलाही हवं ते सगळं कळतं."

त्यांनी हवेची नळी खाली ठेवली. "पण पोरी, तुझा दात मी नाही वाचवला. मास्तरांनी वाचवला. शाळा सुटली की तुला दांडीवर बसवून दवाखान्यापर्यंतचा चढ चढत यायचे. मी एकदा म्हटलं, मास्तर, किती दमता! तर म्हणाले, तिचा दात भरून येतोय ना, मग मला काय होतंय? तू कंटाळू नयेस म्हणून ते भडंग."

आरशातला ठिपका मृदुलाला दिसेनासा झाला. डोळे भरून आले होते. वडिलांच्या धापेचा आवाज तिच्या कानामागे तेव्हाही येत असे. त्याचा अर्थ आज कळला.

व्यापारी अजून तिथेच होते. लेकीचा हात अजून त्यांच्या हातात होता, पण ओढ गेली होती. अक्षताने हळूच विचारले, "पप्पा, आपण पण भडंग घ्यायचं?"

"घ्यायचं की," ते म्हणाले. "पुढच्या खेपेलाबी घ्यायचं."

ती दोघे गेल्यावर मृदुलाने सहाणेवर थेंबभर पाणी घेतले आणि आपली सुई घासायला बसली.