बोट न लावता वाजलेली गिटार

"तारेला बोट लावायचं नाही, वायर जोडायची नाही, आणि कुठली गिटार चांगली ते ऊन डोक्यावर यायच्या आत सांगायचं!"

तुळाजी महाराजांनी हुकूम सोडला आणि सज्जातली कबुतरं उडून गेली. महाराजांचा आवाजच तसा होता! ते कानात काही सांगायला लागले तरी पेठेतल्या दुकानदारांना ऐकू जायचं.

हुकूम वेडगळ होता, पण त्याला कारण होतं. राणीसाहेबांनी मुलींचा बँड काढला होता, आणि सहा महिने इलेक्ट्रिक गिटारींनी महाराजांच्या दुपारच्या झोपेची वाट लावली होती. आता त्या बँडला बारा नव्या गिटारी हव्या होत्या. राणीसाहेबांना नाही म्हणायची छाती नाही आणि एक सूर ऐकायची तयारी नाही! मग महाराज हट्टाला पेटले.

दरबारात दोन गिटारी आल्या होत्या. एक तिलोकशेठची. सोनेरी खुंट्या, आरशासारखी चकाकी, किंमत एका घोड्याची. दुसरी भिकोबा सुताराची. वादळात पडलेल्या महॉगनीच्या झाडापासून त्याने वर्षभर खपून बारा गिटारी केल्या होत्या, आणि एकेक दोन बकऱ्यांच्या किमतीत द्यायला तो तयार होता.

"आणि हरेल त्याच्या सगळ्या गिटारी न्हाणीघराच्या बंबात घालणार!" महाराज गरजले.

शेठ गालात हसला. त्याची कोठारं भरलेली होती. भिकोबाकडे मात्र होत्या तेवढ्या बाराच. वर्षाची मेहनत बंबात? तेवढ्यात त्याची मुलगी चांगुणा पुढे झाली.

"महाराज, मी सांगते."

"तू?" शेठ म्हणाला. "अगं पोरी, दोन्ही महॉगनीच्याच. पण माझी महाग. किमतीवरूनच माल कळतो!"

"शेठजी, तुमचा जोडा माझ्या बाच्या जोड्यापरास महाग. पण दरबारात येताना कुरकुर तुमच्याच पायाची ऐकू आली!"

दरबार हसला. चांगुणा शेठच्या गिटारीजवळ वाकली. "अन् महाराज, ही मान धडाला जिथं बसवलीय ना, त्या फटीत पोस्टकार्ड जाईल बघा."

"फटीचं राहू दे, आवाजाचं बोल!" महाराजांनी दटावलं.

"बोलते की! मला गिटारी टेकवायला दोन लाकडी घोड्या द्या, कागदाच्या दोन चिमुकल्या घड्या द्या, अन् मुदपाकखान्यातला चिमटा द्या."

सिंहासनाच्या डाव्या-उजव्या अंगाला, सारख्या अंतरावर, दोन्ही गिटारी लाकडी घोड्यांवर उभ्या राहिल्या. चांगुणाने चिमट्याने प्रत्येकीच्या जाड तारेवर एकेक घडी अलगद अडकवली. बोट कुठेच लागलं नाही. मग तिने सिंहासनासमोर बसकण मारली, ओटीतून भाजलेल्या शेंगा काढल्या आणि सोलायला सुरुवात केली.

महाराज बघत राहिले. एक शेंग झाली, दुसरी झाली, दहावी झाली.

"ऊन चढतंय, मुली," महाराज जमेल तितक्या हळू म्हणाले.

"चढू द्या की."

"चांगली गिटार कुठली ते कधी सांगणार?"

"मी कशाला सांगू? तिची तीच सांगंल." चांगुणाने दाणे तोंडात टाकले. "अन् घाई कसली एवढी? महाराजांनी कधी झोपायचं अन् कधी उठायचं हे राणीसाहेबच ठरवतात, असं गावात म्हणतात."

"कोऽऽण म्हणतं?"

खांब हादरले! भालदाराचा भाला पडला! आणि भिकोबाच्या गिटारीवरची घडी टुणकन उडून खाली आली. ती गिटार स्वतःशीच गुणगुणू लागली, "गूंऽऽऽ..." आणि थांबेचना! शेठच्या गिटारीवरची घडी मात्र जावयासारखी ऐटीत बसून राहिली.

"वारा आला असेल!" शेठ ओरडला.

"मग तुमच्या हातानं गिटारी अदलाबदल करा, शेठजी. इकडची तिकडं, तिकडची इकडं."

शेठने अदलाबदल केली. चांगुणाने घड्या पुन्हा चिमट्याने ठेवल्या. शेठच्या कपाळावर घाम बघून महाराजांचा पारा चढला.

"शेठ! लबाडी निघाली तर याद राख!"

पुन्हा भिकोबाच्याच गिटारीवरची घडी उडाली आणि पुन्हा तीच घुमली. शेठच्या गिटारीची एक सोनेरी खुंटी तेवढी खुळखुळली.

"सलग लाकूड अन् घट्ट सांधा असला की सूर टिकतो, महाराज," चांगुणा म्हणाली. "शेठजींनी चकाकीखाली दाबलेला भुसा भरलाय. त्यात सूर जातो अन् तिथंच डुलकी घेतो."

शेठने घाईघाईने आपल्या गिटारीवर उपरणं टाकलं. पण महाराज काही हार मानणाऱ्यातले नव्हते. ते उठून उभे राहिले.

"सगळं खरं! पण माझा हुकूम मोडलास तू! दरबारात गिटार वाजलीच की नाही?"

चांगुणाने पदरावरची टरफलं झटकली आणि वाकून मुजरा केला.

"वाजली खरी, महाराज. पण माझं बोट लागलं नाही, वायर जोडली नाही. असं वाजवणारा सगळ्या राज्यात एकच वादक आहे. अन् त्याला शिक्षा करायची, तर आधी त्याला सिंहासनावरून खाली उतरावं लागंल!"

महाराजांच्या मिशा थरथरल्या, मग पोट हललं, आणि ते असे खदाखदा हसत सुटले की भिकोबाची गिटार त्या हसण्याबरोबर पुन्हा घुमायला लागली!

चिकाच्या पडद्याआडून राणीसाहेब म्हणाल्या, "सूर चांगला लागलाय! महाराजांनी दुपारी सरावाला यायचं!"

महाराज आणखीच हसले. त्यांनी हातातलं सोन्याचं कडं काढून चांगुणाला दिलं, शेठच्या गिटारी बंबाकडे धाडल्या, भिकोबाच्या बाराही घेतल्या आणि राज्यात वादळाने पडेल ती प्रत्येक महॉगनी भिकोबाच्या नावे केली. भिकोबाने आधी लेकीला पोटाशी धरलं, आणि मग त्या गिटारीला.