म्हशींच्या डबक्याचं पाणी

फार जुनी गोष्ट. एका रानात सिंहाच्या राज्याभिषेकाला प्रत्येक पाणवठ्याचं पाणी लागे. ते पाठीवरून वाहून आणायचं काम म्हाताऱ्या कासवाकडं होतं. तीन राजांना त्यानं न्हाऊ घातलं होतं. आता पाय थकले होते.

चौथ्या अभिषेकाच्या सकाळी सिंहाचा तरुण छावा पाण्यानं भरलेले भोपळ्याचे तुंबे हुंगत आला आणि एकाशी थबकला.

"आजोबा, हे गढूळ कुठलं?"

"म्हशींच्या डबक्याचं."

"चिखल माझ्या डोक्यावर? ओतून टाका. झऱ्यांचं पाणी पुरे."

कासवानं सुस्कारा सोडला. हेच याच्या बापानं म्हटलं होतं, त्याच्या बापानंही. दर वेळी नव्यानं शिकवायचं.

"टाकतो," ते म्हणालं. "मग त्या डबक्यावर जे जगतात, त्यांचा तू राजा नाहीस."

छाव्याला आठवलं. गेल्या उन्हाळ्यात सगळे झरे आटले, तेव्हा तोही त्याच डबक्यावर पाणी प्यायला जात होता. त्यानं तो तुंबा पुढं सरकवला.

"हा आधी ओता."

"तुझा बापही असंच म्हणाला होता," कासव तुंबा उचलत म्हणालं. "अभिषेकाचं पाणी दुपारपर्यंत वाळतं, बाळा. त्यानंतरचं बघ."