साय नव्हे, घटसर्प

सुनेने सासूला न विचारता आजारी लेकरू मठात न्यावे, याला काय म्हणावे? भिवराबाई पाटलीण दारात उभी राहून साऱ्या आळीला हेच विचारीत होती.

त्या वर्षी कासारवेल गावी भानगीर महाराजांचा मुक्काम होता आणि सून अनुसया रोज मठाची झाडलोट करी. भिवराबाईला ते मुळीच खपत नसे. आदल्या दुपारीच भुवईवर जुना व्रण असलेले महाराज मठाच्या ओट्यावर शेंगा सोलताना दिसले, तर ती म्हणाली होती, "बरा धंदा काढलाय देवमाणसाने."

नात इंदू चार वर्षांची. दोन दिवस अंग कोमट, घसा दुखे. पडजीभ उचलण्यात भिवराबाईचा हात धरणारे पंचक्रोशीत कोणी नव्हते. तिने दोनदा मीठ लावून अंगठ्याने पडजीभ उचलली. घशात करडा-पांढरा थर दिसला, तर म्हणाली, "दुधाची साय आहे, जाईल." अनुसयेने ओल्या फडक्याने पुसून पाहिले. थर निघेना, उलट रक्त आले. मान सुजली, आवाज बसला, श्वास घरघरू लागला. मग मात्र तिने लेकीला उचलले.

भिवराबाई तणतणत मठात पोचली. महाराज इंदूचे तोंड उजेडाकडे करून पाहत होते. ते म्हणाले, "माई, ही साय नव्हे, घटसर्प आहे. पुन्हा बोट घालू नका. गाडी जुंपून ठेवली आहे. तालुक्याला डॉक्टर वाट पाहताहेत."

"त्यांना कोणी सांगितलं?" ती फटकन बोलली. पण नातीचे ओठ निळसर दिसले, तशी निमूट गाडीत चढली.

डॉक्टर खरोखरच दारात उभे होते. इंजेक्शन देऊन म्हणाले, "हे औषध आमच्याकडे नसतंच. काल दुपारी एक साधू आले, भुवईवर व्रण असलेले. 'उद्या घटसर्पाचं लेकरू येईल, जिल्ह्याहून मागवा' म्हणाले. सकाळीच कुपी आली."

काल दुपारी! व्रण तोच, आणि काल दुपारी महाराजांना ओट्यावर तिनेच तर हिणवले होते.

तिसऱ्या दिवशी इंदूचा श्वास मोकळा झाला, पंधरवड्याने ती गावी परतली. सून-नातीला घेऊन भिवराबाईने आधी मठ गाठून महाराजांच्या पायांवर डोके ठेवले. महाराज हसले. "माझ्या काय पाया पडता, माई? साय नव्हे हे पाहिलं ते तुमच्या सुनेनं."

भिवराबाई उठली, पदर सावरला आणि मठात जमलेल्या साऱ्या गावासमोर म्हणाली, "अनुसये, न विचारता गेलीस ते बरं केलंस. विचारलं असतंस, तर मी जाऊ दिलं नसतं."