रंगारणीने सल्ला कोणाला विचारला

गावाचे नाव आता आठवत नाही, आणि जे आठवते त्यावरही पुरता भरवसा ठेवावा असे वाटत नाही. पण त्या गावात भिवरा नावाची एक रंगारीण होती, एवढे नक्की. नवरा गेल्यावर तिने भट्टी विझू दिली नाही. बाईच्या हातचा रंग टिकतो का, याकडे सारे गाव डोळे लावून होते.

त्या साली पाटलांनी लेकाच्या लग्नाचे लाल फेटे तिच्याकडे रंगवायला दिले. तीस होते की चाळीस, खात्री नाही. हे काम साधले तर भिवराकडे पुन्हा कोणी बोट दाखवणार नव्हते. फसले, तर भट्टी बंद.

पहिल्याच नमुन्याचा लाल तपकिरी उतरला. लाल रंगाची मुळी, मंजिष्ठ, तीच; पाणी तेच, हात तोच. रंग पक्का धरणारी तुरटी तेवढी नव्या व्यापाऱ्याची होती. पण ती तर गावात सगळ्यांनीच घेतली होती.

गावच्या रंगाऱ्यांची एक रीत होती. सकाळी भट्टी पेटवण्याआधी ते चावडीच्या ओट्यावर जमत. ज्याचा रंग फसला तो तिथे सांगे. "गणूचा लाल बघा, वांग्याला लाजवील," असे म्हणून सगळे आधी पोटभर हसत, मग उपाय सांगत. विचारल्याने कोणाची पत कमी होत नसे.

भिवरा नमुना पदराखाली घेऊन ओट्यापाशी गेली. बोलणे थांबले. वयाने मोठे धोंडजी अदबीने म्हणाले, "काय वहिनी, नागोजी पाहिजे? आत्ताच घरी गेला." नागोजी तिचा दीर, तोही रंगारी. कोणी वाकडा शब्द बोलले नाही. ती आल्या पावली परतली.

तेवढ्यात तांड्यावरची सोमली तिथे आली. घागऱ्याचा तुकडा ओट्यावर टाकून म्हणाली, "दादा, हा रंग धुतला की पळतो. काय करू?"

"तुझ्यासारखाच आहे. एका गावात ठरायचा नाही," गणू म्हणाला.

"माझं सोड. उपाय सांग."

त्यांनी सांगितला. ती परकी होती. तिने विचारल्याने गावातल्या कोणाची मान खाली जात नव्हती.

परतताना सोमलीने भिवराला वाटेत गाठले आणि तिच्या हातातला नमुना पाहिला. "दे इकडे, विचारून येते. मला कोण काय म्हणणार?"

भिवराने तुकडा घट्ट धरला. "नको बाई. घरात दीर आहेत. घरचं घरात विचारलेलं बरं."

दुसऱ्या दिवशी नागोजीने नमुना उजेडात धरून पाहिला. "वहिनी, सामान चोख आहे. बाईमाणसाला आचेचा अंदाज येत नाही. आच वाढवा."

तिने वाढवली. फेटे वाळल्या रक्तासारखे निघाले. पाटलांनी नवे कापड नागोजीकडे धाडले, आणि त्याचा लाल झळझळीत उतरला. भिवराची भट्टी विझली. पुढची अकरा वर्षे ती नागोजीच्या भट्टीवर कापड ढवळत राहिली. दीर सांभाळून घेतो, असे गाव म्हणे. तीही म्हणे.

नागोजी वारल्यावर म्हातारे धोंडजी भेटायला आले. बोलता बोलता सहज म्हणाले, "वहिनी, तुम्ही ओट्यावर आलात ना, त्याच संध्याकाळी आम्ही नागोजीला सांगितलं होतं. नव्या व्यापाऱ्याच्या तुरटीत लोखंड आहे, आमचेही रंग फसले. हिरड्याच्या पाण्यात टाकून बघ, काळं पडलं तर फेकून दे. वहिनींनाही सांग म्हटलं. त्यानं सांगितलं असेलच."

 ते गेल्यावर भिवराने फडताळातल्या मडक्याच्या तळाशी राहिलेला त्या सालचा तुरटीचा खडा काढला आणि हिरड्याच्या पाण्यात टाकला. पाणी शाईसारखे काळे झाले.

तात्पर्य: आपल्या नुकसानीत ज्याचा फायदा आहे, तो घरचा असला तरी सल्ला त्या एकट्याकडून घेऊ नये, आणि ज्या गावात बाईला चारचौघांत विचारता येत नाही, त्या गावाने तिला चुकलीस म्हणू नये.