माती ढासळते

ही गोष्ट मला नीट आठवते आहे की नाही, याची मलाच खात्री नाही. सभेचा प्रमुख गवा होता, एवढे नक्की. त्याच्या शेजारी सांबर बसे की नीलगाय, यावर मी हुज्जत घालणार नाही. सांबर धरून सांगतो. मुलांनो, कुठे चुकलोच तर तो दोष माझ्या आठवणीचा समजा, साळूचा नव्हे.

डोंगराच्या कुशीतल्या रानात ही साळू, म्हणजे साळिंदराची मादी, राहत होती. तिचे दिवस भरत आले होते आणि तिचे जुने बीळ ओढ्याच्या पुरात बुजून गेले होते. बाकी सारे रान खडकाळ. खणता येईल अशी माती फक्त उत्तरेच्या उतारावर होती. नेमका तेव्हाच सभेने कायदा केला, "उतारावर कोणी खणू नये. माती ढासळते." पिल्ले उघड्यावर झाली तर तरस त्यांना सोडणार नव्हता, म्हणून साळूने सभा गाठली.

बोलण्याआधी जमिनीवर पाय आपटायचा, ही सभेची जुनी रीत. अलीकडे मात्र सारे पंच पाऊल हलकेच टेकवत, घरात कोणी निजलेले असावे तसे. साळूने आपला पाय दणकन आपटला, तेव्हा सगळे दचकले. "त्या उतारावर अंजनाची मुळं हातभर खोल गेलीत," ती म्हणाली. "एवढा पूर आला, एक ढेकूळ तरी घसरलं का?" गव्याने विचार करून मान हलवली. "नाही घसरलं. पण चारा नासतो." "तिथं गवताची काडी उगवत नाही!" "मग साप निघतील," सांबर म्हणाले. "सापांना मी भीत नाही." तिसरे पंच, वानर, फांदीवरून खिदळले, "साळूबाई, अंगावरचे काटे कमी पडले, म्हणून आता जिभेवरही उगवले वाटतं!" "जिभेवर असते ना वानरोबा, तर तुमचं शेपूट एव्हाना चाळणी झालं असतं," साळू म्हणाली. कोणी रागावले नाही. एकेक कारण गळून पडले तरी कोणाच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. सगळ्यांचे कान मात्र एकाच दिशेला वळलेले होते, उताराकडे. कायदा कायम राहिला.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी साळूने पाहिले, तिघेही पंच उतार चढत होते. ती झुडपांच्या आडून मागे गेली. वर एकही पाखरू बोलत नव्हते. उताराच्या मधोमध जमिनीत एक भोक होते, गव्याच्या खुराएवढे. गव्याने तोंडातला हिरवा पाला त्याच्या काठावर ठेवला. पाला थरथरला, सरकत सरकत भोकाकडे गेला, थांबला आणि परत बाहेर ढकलला गेला. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. गव्याने एवढे मोठे गुडघे टेकले. "झोप," तो म्हणाला. "कोणी खणणार नाही. का ते कोणाला कळणारही नाही." एरवी क्षणभर स्वस्थ न बसणारे वानर हात जोडून दगडासारखे बसले होते.

साळूला राहवले नाही. ती पुढे झाली. "गवादादा, हे होय? खाली कोणी निजलंय असं तुम्हाला वाटतं. मग सभेत तसं का नाही सांगितलंत?"

गवा तिच्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. मग तो हळूच म्हणाला, "माती ढासळते."

"माती ढासळते," सांबर म्हणाले.

"ढासळते हो, साळूबाई," वानर पुटपुटले, आणि या वेळी त्याला हसू आले नाही.

"अहो, खरं सांगितलं असतंत तर मीही कदाचित गुडघे टेकले असते," साळू म्हणाली, "नाहीतर तुमच्याशी भांडले असते. पण मातीवर मी कितीही बोलले तरी तुमच्यापर्यंत ते पोचणार कसं?"  भोकातून गार वारा आला आणि परत आत गेला.

साळूला तिथेच कळा सुरू झाल्या. पंचांनी तिला वाट करून दिली, अगदी अदबीने, आणि ती उतरून जाईपर्यंत तिघे भोकाभोवती उभे राहिले. पायथ्याच्या उघड्या कातळावर तिला दोन पिल्ले झाली. सांज होताच तरस आला. साळूने सारे काटे फुलवून त्याला रक्तबंबाळ केले, पण तो गेला तेव्हा तिच्यापाशी एकच पिल्लू उरले होते. सभा समाचाराला आली. हळहळली. कायदा मात्र कोणी मोडला नाही, याबद्दल गव्याने तिचे आभारही मानले. पिल्लू या सगळ्यांकडे टक लावून पाहत होते.

जन्मल्या जन्मल्या पिल्लू असे पाहील कसे, ही शंका मला पुढे कित्येक वर्षे छळत होती. वाटे, हे मीच मनाने घातले असावे. मग एका प्राणिशास्त्रज्ञाला विचारून खात्री करून घेतली. साळिंदराची पिल्ले डोळे उघडे ठेवूनच जन्माला येतात.

तात्पर्य, मला उमगले तेवढे : श्रद्धा असणे हा गुन्हा नाही, पण राज्य करणाऱ्याने ती लपवून कायद्याला दुसरेच कारण दिले, तर त्या कायद्याशी कोणाला वादही घालता येत नाही.