साडेपाच घागरींची खडखड

सन १९३८, चैत्र शुद्ध पंचमी. ऊन डोक्यावर आले होते. त्या दिवशी खडकवणीच्या गढीत इमाम ड्रायव्हरवर तेलचोरीचा आळ आला.

जहागीरदार बाळासाहेब सरकार पागेत उभे होते. पागेत आता घोडे नव्हते. चौदा वर्षांची एक विलायती मोटार होती, तोंड भिंतीकडे करून लावलेली.

"दर आठवड्याला तेल घालतोस," सरकार म्हणाले. "आठवड्याने तेल मोजायची पट्टी बघावी तर कोरडी. खाली फरशीवर एक थेंब नाही. फरशी तेल पीत नाही, मी पीत नाही. राहिलास तू."

"आधी टांगा हाकला सरकार, मग मोटार. घोड्याचा हरभरासुद्धा कधी घरी नेला नाही."

"आणि मागून खडखड येते ती? मी बसलो की सुरू होते. तुला म्हणे ऐकूच येत नाही."

"मी एकटा असलो की वाजत नाही, सरकार."

"म्हणजे मोटार मला बघून वाजते?"

इमामला तसेच वाटत होते, पण तसे म्हणता येत नव्हते.

"यातलं काहीतरी काढून तू विकलं आहेस. उद्या सूर्य मावळला की किल्ली ठेवायची. बाजारात दवंडी देईन."

"एकदा खोलून बघू द्या, सरकार."

"खोलायची नाही."

मोटार एकदाच खोलली होती, तीन वर्षांपूर्वी. शहरातून मिस्त्री आला होता. मोटार परत जोडल्यावर चार बोल्ट उरले, दोन जाड आणि दोन बारीक. मिस्त्री म्हणाला, "सरकार, हे हिला लागतच नाहीत." सरकारांनी त्याला शाल दिली. बोल्ट चांदीच्या डबीत ठेवले. पाहुणा आला की चहाच्या आधी डबी यायची.

पागेच्या दारात धुरपदा उभी होती. रेड्याच्या पाठीवर कातडी पखाल घालून गढीत पाणी भरायचे हे तिचे काम. गेल्या श्रावणात तिचा रेडा ओढ्याच्या चिखलात पोटापर्यंत रुतला होता. इमामने मोटारीला दोर बांधून तो बाहेर काढला. सरकारांना हे माहीत नव्हते.

"ठेवलेली पखाल गळत नाही सरकार," ती म्हणाली. "चाललेली गळते."

"तुला कोणी विचारलं?"

"कोणी नाही."

सरकारांनी तिच्याकडे पाहिले. "बरं. तेल कुठून जातं आणि खडखड कुठून येते, दोन्ही दाखव. पान्हा लावायचा नाही. मोटारीखाली आडवं व्हायचं नाही. उद्या सूर्य मावळायच्या आत. नाही जमलं तर त्याच्याबरोबर तूही. पाणी भरायला दुसरा बघीन."

"बरं," धुरपदा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोटार गढीबाहेरच्या पाटावर आणवली. पाट चैत्रात कोरडा होता, छातीएवढा खोल. दोन्हीकडची चाके दोन काठांवर राहिली. धुरपदा पाटात उतरून मोटारीखाली गेली.

"खाली जायचं नाही असं ठरलं होतं," सरकार म्हणाले.

"आडवं व्हायचं नाही असं ठरलं होतं. मी उभी आहे."

तिने इंजिनाची खालची बाजू फडक्याने कोरडी पुसली. मग चाळलेली राख पुरचुंडीत बांधून सगळीकडे थापटली. पखालीचे भोक ती असेच शोधत असे.

"आता देवीचं दर्शन घेऊन या, सरकार."

देवी टेकडीवर होती. तासाभराने मोटार परत पाटावर आली. धुरपदाने सरकारांना खाली बोलावले. तेही उतरले. पुढची राख पांढरी होती. तेलाच्या भांड्याच्या मागच्या कडेला मात्र दोन काळे ओघळ होते.

"चढाला तेल मागे येतं," ती म्हणाली. "पागेत फरशीला भिंतीकडे उतार आहे, घोडे धुवायला केलेला. तिथं मोटार तोंड खाली करून उभी असते. तेल पुढे राहतं, म्हणून फरशी कोरडी. तुमचं तेल देवीच्या रस्त्यावर आहे."

इमामने डोक्यावरची टोपी सरळ केली.

"आणि खडखड?" सरकारांनी विचारले.

"सरकार कुठं बसतात?"

"मागे. उजवीकडे," इमाम म्हणाला.

धुरपदाने तिथे पाण्याची घागर ठेवली, तोंड फडक्याने बांधून. इमामने मोटार वेशीच्या दगडी उंबरठ्यावरून नेली, आणली. काही वाजले नाही. दुसरी घागर ठेवली. तिसरी, चौथी, पाचवी. मोटार गप्पच. मग सहावी अर्धी भरून ठेवली.

खड.

सरकारांनी मिशीवर हात ठेवला. "म्हणजे मी सहा घागरींचा?"

"नाही सरकार. साडेपाचालाच वाजली."

कोणी हसले नाही. हसायचे की नाही हे अजून ठरले नव्हते.

घागरी होत्या तशाच ठेवून मोटार पुन्हा पाटावर घेतली. इमाम ती वरून हलवू लागला. धुरपदाने खाली काठीचे एक टोक मोटारीला आणि दुसरे कानाला लावले. चारी चाकांपाशी ऐकले. उजव्या मागच्या चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या कमानीपाशी थांबली, हाताने चाचपले आणि वर आली.

"इमामभाईंनी काही विकलं नाही," ती म्हणाली. "पण सरकारांचं म्हणणं खरं आहे. मोटारीतून माल गेला आहे."

इमामचा चेहरा उतरला.

"चार भोकं रिकामी आहेत. दोन बारीक, तेलाच्या भांड्याला. तिथून तेल जातं. दोन जाड, कमानीला. वजन पडलं की ती सरकते आणि वाजते. चार बोल्ट कोणीतरी काढून ठेवलेत. ज्याच्या घरात सापडतील, त्याच्या नावाची दवंडी द्या."

सरकार गढीकडे वळून म्हणाले, "डबी आणा."

इमाम पाटात उतरला. पान्हा लावायचा नव्हता, म्हणून त्याने डबीतले बोल्ट बोटांनीच फिरवले. बारीक दोन बारीक भोकांत गेले. जाड दोन जाड भोकांत गेले. डबी रिकामी झाली.

तेव्हा सरकार हसले. पोट धरून, काठावर बसून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले.

"दवंडी राहू दे," ते म्हणाले. "इमाम, पान्हा घे आणि आवळ. आणि शाल चुकीच्या माणसाला गेली." त्यांनी चांदीची डबी धुरपदाच्या हातात दिली. "ही तुझी. आता हिच्यात ठेवायला माझ्याकडे काही नाही."

संध्याकाळी इमामने तिला वेशीबाहेर गाठले.

"अक्का," तो म्हणाला.

"रेड्याचं फिटलं," धुरपदा म्हणाली, आणि तिने रेडा हाकला.